पडद्यावरून काढलेले चौकोन

नणंदेचा फोन आला तेव्हा ती ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होती. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्या घरातून तिला कोणाचा फोन आला नव्हता आणि तिनेही केला नव्हता. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना नणंदेने, म्हणजे ताईंनी, तिच्या पाठीवरून हात फिरवला होता, तेवढंच शेवटचं. त्यामुळे आता ताईंचं नाव दिसताच तिला वाटलं, सासऱ्यांचं काही बरंवाईट झालं.

तसं काही नव्हतं. अप्पा ठणठणीत होते. पिल्लं मरत होती.

त्या घराचा धंदा अंडी उबवण्याचा. बाहेरून अंडी आणायची, कपाटाएवढ्या मशिनांत तीन आठवडे उबेत ठेवायची आणि निघालेली पिल्लं कोंबड्या पाळणाऱ्यांना विकायची. अप्पांनी हे सगळं एका जुन्या मशीनवर सुरू केलं होतं. ताई त्यांची थोरली मुलगी. त्यांनी लग्न केलं नाही, आणि उबवणीच्या खोलीत त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. त्यांच्या पाठचा भाऊ, म्हणजे तिचा पूर्वीचा नवरा, खरेदी-विक्री आणि मशिनं बघायचा. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. पस्तिशी उलटली तरी त्याचं ते नाव सुटलं नव्हतं.

ताईंनी फोनवर जे सांगितलं ते असं. काही महिन्यांपासून कधी या मशीनमधली, कधी त्या मशीनमधली अर्धीअधिक अंडी फुकट जात होती. पिल्लू आत पूर्ण वाढलेलं असायचं, पण कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मेलेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन अंडी फोडून पाहिली आणि अंड्यांचे ट्रे तासातासाला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नीट फिरत नसतील, म्हणून पिल्लं चिकटतात, असं सांगितलं. पण ट्रे तर फिरत होते. धाकट्याने प्रत्येक मशीन स्वतः तपासलं होतं. मग त्याने दोष अंड्यांवर टाकला आणि दुसरीकडची अंडी आणली. तीही तशीच गेली. तेव्हा त्याने ट्रे लावणाऱ्या जुन्या कामगारावर, ज्यांना सगळे मामा म्हणत त्यांच्यावर, ठपका ठेवला. मामा ट्रे आपटतात म्हणाला आणि त्यांना ट्रे धुण्याच्या हौदावर पाठवलं. तरीही फरक पडला नाही.

"तो शनिवारी नवी अंडी बघायला बाहेर जातोय," ताई म्हणाल्या. "तू एकदा येऊन तो तुझा प्रोग्राम बघशील का? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण सगळं बघून झालंय आणि तेवढंच बघायचं राहिलंय."

"त्याला माहीत आहे का मी येणार ते?"

"नाही. आल्यावर सांगेन. माझ्या उबवणीच्या खोलीत कोणाला बोलवायचं ते मी ठरवते."

तिने विचार करून सांगते म्हटलं आणि विचार न करताच संध्याकाळी होकार कळवला. तिची आई मात्र फणकारली. सोडलेल्या घराची चूल फुंकायला कशाला जायचं, राख आपल्याच डोळ्यांत जाते, असं तिचं म्हणणं. त्यावर ती आईला म्हणाली, चूल त्यांची असली तरी प्रोग्राम माझा आहे. आईने शनिवारी सकाळी दोन पोळ्या जास्त लाटून डब्यात भरल्या, त्या घरात जेवायची वेळ येऊ नये म्हणून.

प्रोग्राम खरोखरच तिचा होता. ती लग्न होऊन आली तेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची बटणं होती आणि ताई दिवसभर एका मशीनकडून दुसऱ्याकडे फेऱ्या मारायच्या. सगळी मशिनं तारांनी एका संगणकाला जोडावीत आणि एका पडद्यावरून चालवावीत, ही कल्पना तिचीच. पण मशिनं सारखी वाढत होती, एखादं दुरुस्तीला जात होतं, एखादं जुनं भंगारात निघत होतं. दर वेळी पडदा नव्याने कोण मांडणार? म्हणून तिने पडद्यावर आधीपासून काहीच ठेवलं नाही. प्रोग्राम चालू असताना एखाद्या मशीनची तार जोडली, की प्रोग्रामने स्वतःच त्याच्यासाठी एक चौकोन तयार करायचा. त्यात मशीनचं नाव, तापमान, दमटपणा, पंख्याचं बटण आणि ट्रे फिरवायचं बटण. शिवाय प्रत्येक चौकोनाने घड्याळावर लक्ष ठेवायचं आणि तास भरला की आपल्या मशीनला 'ट्रे फिरव' असा हुकूम सोडायचा. हुकूम साधा होता. ट्रे डावीकडे कललेले असतील तर उजवीकडे कर, उजवीकडे असतील तर डावीकडे.

पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा अप्पा पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. तिने तार जोडली, रिकाम्या पडद्यावर चौकोन उमटला. दुसरी जोडली, शेजारी दुसरा उमटला. "ना बाळंतीण, ना सुईण, आणि पोर हजर," अप्पा म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडून तीनतीनदा तारा काढून-लावून घेतल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षातली ती गोष्ट. धाकटा आणि ती कामाबद्दल कितीही वेळ बोलू शकत. काम संपलं की मात्र दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे. पुढे कामाचंही बोलणं आटलं. प्रोग्राम पूर्ण झाला होता आणि नवीन काही उरलं नव्हतं. दोघांनी मिळून, फारशी रडारड न करता, वेगळं व्हायचं ठरवलं. जाताना तिने प्रोग्रामची सगळी फाइल त्याच्याकडे ठेवली. त्याने तो विषय थोडाफार शिकून घेतला होता.

शनिवारी ताई फाटकापर्यंत आल्या. "ये वहिनी," म्हणाल्या आणि त्यांनी लगेच जीभ चावली. मग हसून म्हणाल्या, "आता तुला काय म्हणायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही. जिभेला वळण आहे, तेच म्हणणार."

"म्हणा की. इथले ड्रायव्हरही मला वहिनीच म्हणायचे."

अप्पा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं, बारीक झालीस म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. ते वाचत नाहीत हे पान उलटं धरल्यासारखं स्पष्ट होतं, पण तिने त्यांना त्रास दिला नाही. हौदापाशी मामा ट्रे घासत होते. त्यांनी ओल्या हातांनीच नमस्कार केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता ओशाळेपणा होता, न केलेल्या चुकीची शिक्षा भोगणाऱ्या माणसाला येतो तसा.

उबवणीची खोली होती तशीच होती. पंख्यांचा एकसुरी आवाज, कोमट ओलसर हवा, औषधाचा वास. मशिनांच्या दोन रांगा झाल्या होत्या. कोपऱ्यातल्या संगणकाच्या पडद्यावर तिचे चौकोन ओळीने उभे होते. रंग बदलले होते, अक्षरं मोठी केली होती. हे धाकट्याचं काम. बरं केलं होतं.

तिने आधी बटण दाबून पाहिलं. पलीकडच्या रांगेतल्या एका मशीनच्या ट्रेचं बटण दाबलं आणि जाऊन दाराच्या काचेतून पाहिलं. ट्रे डावीकडून उजवीकडे गेले होते. परत येऊन दाबलं, ट्रे डावीकडे. दुसरं मशीन, तिसरं मशीन, सगळी शहाण्यासारखी वागत होती. धाकट्यानेही असंच तपासलं असणार. कोणीही असंच तपासलं असतं.

"बघितलंस ना?" ताई म्हणाल्या. "फिरतात."

"बटण दाबल्यावर फिरतात. पण दिवसभर बटण कोण दाबतं?"

"कोणीच नाही. आपोआप होतं ते."

"मग आपोआप होतं तेव्हा बघू."

तास भरायला थोडा वेळ होता. ताईंनी दोन स्टुलं आणली आणि पलीकडच्या रांगेतल्या दोन मशिनांसमोर दोघी टॉर्च घेऊन बसल्या. बसल्याबसल्या ताईंनी सगळी हालहवाल सांगितली. अप्पांचा गुडघा, नवीन गाडी, शेजारच्यांनी विकलेली जागा. धाकट्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि तिने विचारलंही नाही. आई कशी आहे, एवढं मात्र ताईंनी दोनदा विचारलं.

तास भरला. मोटर घुरघुरली. तिच्यासमोरचे ट्रे हळूहळू उजवीकडे झुकले, क्षणभर थांबले आणि मोटर पुन्हा घुरघुरून ते डावीकडे, होते तिथे परत आले.

तिने ताईंकडे पाहिलं. ताईंसमोरचे ट्रे एकदाच झुकले होते आणि तसेच राहिले होते.

"तुझे परत आले?" ताईंनी विचारलं.

"आले."

ताई उठून तिच्या काचेपाशी आल्या आणि बराच वेळ त्या डावीकडे कललेल्या अंड्यांकडे बघत राहिल्या. ट्रे कललेले दिसले की झालं, असं त्या इतके दिवस समजत होत्या. मोटरचा आवाजही यायचाच. दर वेळी ते त्याच बाजूला कललेले आहेत हे बघायला तिथे ठाण मांडून बसावं लागलं असतं, आणि मशीन सगळं करत असताना माणूस तिथे कशाला बसेल?

मशीनला एका तासाला दोन हुकूम जात होते. पहिल्याने ट्रे फिरायचे, दुसऱ्याने परत यायचे. दुसरा हुकूम कुठून येतो एवढंच आता शोधायचं होतं. तिने प्रोग्राम उघडला. आपलं जुनं लिखाण वाचताना तिला मधूनच वेगळा हात जाणवायचा, नावं ठेवायची वेगळी पद्धत, जास्तीच्या मोकळ्या ओळी. थोड्याच वेळात तिला ती जागा सापडली.

पलीकडच्या रांगेच्या तारा लांबून ओढलेल्या होत्या. त्यांचा संपर्क अधूनमधून तुटायचा आणि आपोआप पुन्हा जुळायचा. तिच्या वेळी असं झालं की पडद्यावरचा चौकोन राखाडी होऊन तसाच राहायचा. धाकट्याने त्यावर उपाय केला होता. मशीनचा संपर्क पुन्हा जुळला की राखाडी चौकोन पडद्यावरून निघावा आणि त्या मशीनसाठी नवा चौकोन तयार व्हावा, असं त्याने लिहिलं होतं. पडद्यावर सगळं नीटनेटकं दिसायचं. पण जुना चौकोन फक्त दिसेनासा व्हायचा. आत तो जिवंतच होता, त्याचं घड्याळ चालू होतं आणि तास भरला की तो इमानेइतबारे आपल्या मशीनला हुकूम सोडत होता. नवा चौकोनही सोडत होता. बटण दाबलं की हुकूम फक्त नव्याकडून जायचा, म्हणून बटणाने सगळं ठीक दिसायचं.

आणि दोष मशिनांमधून भटकत का होता, तेही यातूनच कळलं. एखाद्या मशीनचा संपर्क एकदा तुटला तर हुकूम दोन, म्हणजे अंडी गेली. तोच दोनदा तुटला तर हुकूम तीन, म्हणजे ट्रे शेवटी योग्य जागी, आणि पिल्लं सुखरूप. संगणक बंद करून चालू केला की सगळे जुने चौकोन पुसले जायचे आणि काही दिवस कशालाच खोट नसायची.

ती हे ताईंना समजावून सांगत असतानाच बाहेर गाडी वाजली. धाकटा ठरल्यापेक्षा लवकर परतला होता. तो दारात उभा राहिला, संगणकासमोर बसलेल्या तिला पाहिलं, मग बहिणीकडे.

"मी बोलावलंय," ताई म्हणाल्या. "सापडलंय. ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल." आणि त्या बाहेर निघून गेल्या.

त्याने चपला काढल्या, हात धुतले. उबवणीच्या खोलीचा तो नियम होता आणि रागातही तो मोडणं त्याला जमलं नसतं. मग तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने लिहिलेल्या त्या ओळींवर तिने बोट ठेवलं.

"हे मी काढलंय," तो म्हणाला. "जुना चौकोन काढूनच नवा लावलाय. नीट वाच."

"पडद्यावरून काढलास. बंद नाही केलास."

"म्हणजे?"

"दिसत नाही एवढंच. घड्याळ चालू आहे त्याचं. तासाला दोघंही हुकूम देतात."

तो वाकून वाचू लागला. दोनदा वाचलं. तिने त्याची मान लाल होताना पाहिली. ती त्या मानेला ओळखत होती. आता एकतर आवाज चढेल नाहीतर तो गप्प होईल. आवाज चढला नाही. तो म्हणाला, "मामांना मी हौदावर बसवलंय."

"ताई म्हणाल्या."

"सगळ्यांदेखत बोललो त्यांना."

ती उठली आणि तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "तूच लिही. मी सांगते. रोज तुलाच बघायचंय हे."

तो बसला. ती शेजारच्या स्टुलावर. आधी चौकोनाचं घड्याळ थांबवायचं, मग मशीनशी त्याचं असलेलं नातं तोडायचं, आणि मगच त्याला पडद्यावरून उतरवायचं. हा क्रम तिने सांगितला आणि त्याने लिहिला. मग तिने विचारलं, मुळात दर वेळी नवा चौकोन कशाला हवा? त्याच मशीनचा संपर्क जुळला तर जुन्यालाच जागं करता येईल. तो म्हणाला, मशीन बदललं असेल तर? दुरुस्तीला नेऊन त्याच जागी दुसरं ठेवलं तर? हा प्रश्न खरा होता. तिच्या ऑफिसात बसून तो तिला सुचला नसता. मग दोघांनी ठरवलं की प्रत्येक मशीनने जोडताना आपला क्रमांक सांगायचा. क्रमांक तोच असला तर जुना चौकोन, नाहीतर जुना रीतसर बंद करून नवा. दुपार त्यातच गेली. तिने डबा उघडला आणि एक पोळी त्याच्यापुढे केली. त्याने पडद्यावरची नजर न काढता ती खाल्ली.

संध्याकाळी त्यांनी मुद्दाम तारा उपटून पुन्हा जोडल्या, एका मशीनची एकदा, दुसऱ्याची अनेकदा, आणि तास भरायची वाट बघत तिघंही काचांसमोर बसली. ट्रे एकदाच झुकले, सगळ्यांचे. ताईंनी हुश्श केलं.

मशिनांत आधीपासून असलेल्या अंड्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. ताईंनी प्रत्येक ट्रेमधली काही अंडी दिव्यासमोर धरून पाहिली. नुकतीच ठेवलेली चांगली होती. दोन मशिनांमधली मात्र हाताबाहेर गेली होती आणि ती काढून टाकावी लागली. ते काम ताईंनी कोणाला करू दिलं नाही.

निघताना तिने पाहिलं, धाकटा हौदापाशी उभा होता. तो मामांशी काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. मामा ट्रे घासायचे थांबले होते आणि मान हलवत होते. मग त्यांनी हात पुसले आणि त्याच्याबरोबर उबवणीच्या खोलीकडे चालू लागले. सगळ्यांदेखत केलेला अपमान एकट्यात भरून निघत नाही, हे बहुधा त्याच्याही लक्षात आलं असावं. कारण नंतर ताईंनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी माणसं जमलेली असताना त्याने चूक प्रोग्रामची, म्हणजे आपली होती, असं उभ्याउभ्या सांगून टाकलं. वाक्य एकच होतं, पण सांगितलं.

आईने घरी आल्यावर डबा उघडून पाहिला. रिकामा होता. काय झालं म्हणून तिने विचारलं नाही. मुलीनेच सगळं सांगितलं. सगळं ऐकून आई म्हणाली, तुझा घटस्फोट झाला म्हणून त्यांच्या पिल्लांनी का मरावं, गेलीस ते बरंच केलंस. दोन दिवसांपूर्वी ती काय म्हणाली होती याची तिला आठवण करून देण्यात अर्थ नव्हता.

पुढची खेप निघाली तेव्हा ताईंचा फोन आला. पलीकडच्या मशिनांमधून, पूर्वी निघायची तशी, भरपूर धडधाकट पिल्लं निघाली होती. एका ट्रेमधली थोडी गेली, पण ती थंडीने, आणि त्याचं कारण दाराचं रबर होतं, प्रोग्राम नव्हे, हे ताईंनी ठासून सांगितलं. अप्पांनी मात्र एक नवी मागणी काढली होती. ट्रे कुठल्या बाजूला आहेत हे पडद्यावर दिसलं पाहिजे. मशीन करतंय असं मशीननेच सांगावं आणि आपण मान डोलवावी, हे त्यांना पटत नव्हतं.

त्यासाठी धाकट्याने तिला फोन केला. प्रत्येक चौकोनात एक बाण उमटवायचा, तो कुठे बसवायचा, आणि त्याने हुकूम बघून वळायचं की खरोखरच्या ट्रेची जागा बघून? ती म्हणाली, हुकूम बघून वळलास तर पुन्हा फसशील, ट्रेलाच विचार. ट्रेला विचारायला मशीनमध्ये काय बसवावं लागेल, ते कुठे मिळेल, ओलाव्यात टिकेल का, असं करत बोलणं लांबलं. तिच्या हातातला चहा गार झाला. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की लग्नाच्या शेवटच्या वर्षात ते दोघं एका वेळी इतकं कधीच बोलले नव्हते. तिने ते कोणाला सांगितलं नाही, आणि त्यातून काही पुढे घडेल असंही तिला वाटलं नाही. बोलणं बरं झालं होतं, एवढंच.

आठवड्याभरात त्याने बाण तयार केला. तो उलटा निघाला. ट्रे डावीकडे गेले की बाण उजवीकडे जायचा. ही चूक पहिल्या तासाला अप्पांनी पकडली आणि दुसऱ्या तासापर्यंत धाकट्याने सुधारली.